शेतकऱ्याचे स्वतःचे संकेतस्थळ : अल्प खर्चाची एक योजना

आंब्याला मोहोर येऊ लागला की कोकणातील बागाईतदाराच्या मनात दोन चिंता एकदमच उभ्या राहतात. पहिली तुडतुड्यांची व भुरीची; दुसरी, तयार झालेली पेटी कोणाकडे व कोणत्या भावाने जाणार याची. पहिल्या चिंतेवर फवारणीचे वेळापत्रक हाताशी आहे. दुसऱ्या चिंतेवर संपूर्ण तोडगा कोणापाशीच नाही; तथापि शहरातील ग्राहक व बागेतील शेतकरी यांची थेट ओळख झाली तर ती पुष्कळ अंशी हलकी होते, असा अनेकांचा अनुभव आहे. ही ओळख घडविण्याचे एक स्वस्त व टिकाऊ साधन म्हणजे स्वतःचे संकेतस्थळ होय. ते उभारण्यास किती खर्च येतो, कोणत्या क्रमाने काम करावे व कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. उदाहरण हापूस आंब्याचे घेतले असले, तरी गूळ, अंजीर, हळद, मध किंवा रोपवाटिका यांनाही तीच रीत लागू पडते.

स्वतःचे ठिकाण का असावे?

हल्ली बहुतेक शेतकरी भ्रमणध्वनीवरील संदेशगटांतून मालाची माहिती पाठवितात. समाजमाध्यमांवर काहींची पृष्ठेही आहेत. ही साधने उपयुक्त आहेत, ती सोडावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु संदेश दोन दिवसांत खाली जातो व पुन्हा सापडत नाही; आणि समाजमाध्यमावरील पृष्ठ ही दुसऱ्याच्या जागेतील पथारी असते. जागामालकाने नियम बदलले, खाते बंद केले किंवा सगळा बाजारच उठविला, तर आपली पथारी उचलली जाते.

हे भय काल्पनिक नाही. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज नावाच्या सेवेवर लक्षावधी सामान्य माणसांनी आपली पृष्ठे उभारली होती; २००९ साली ती सेवा बंद करण्यात आली. गूगल प्लस हे समाजमाध्यम २०१९ साली बंद झाले. ज्यांनी आपल्या मजकुराची प्रत वेगळी ठेवली होती त्यांचे काम टिकले. इतरांचे बहुतांशी गेले. म्हणून ज्याप्रमाणे शेतकरी जमिनीचा सातबारा आपल्या नावावर आहे की नाही हे आधी पाहतो, त्याचप्रमाणे संकेतस्थळाचे नाव आपल्या नावावर आहे की नाही हे पाहणे, हा या विषयातील पहिला व शेवटचा धडा समजावा.

संकेतस्थळाचे तीन भाग

संकेतस्थळ म्हणजे तीन गोष्टींची जोड आहे. पहिली गोष्ट नाव. यास डोमेन म्हणतात. दुसरी जागा. मजकूर व छायाचित्रे ज्या संगणकावर रात्रंदिवस उपलब्ध राहतात त्या संगणकावरील ही जागा असून तिला होस्टिंग असे म्हणतात. तिसरी गोष्ट स्वतः मजकूर. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून घ्याव्यात असे बंधन नाही. उलट नाव एका ठिकाणी व जागा दुसऱ्या ठिकाणी असल्यास, जागा गैरसोयीची झाली तरी नाव तेच ठेवून बिऱ्हाड हलविता येते. ग्राहकास त्याचा पत्ताही लागत नाही.

नाव कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या कराराने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत नोंदता येते व मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. भारताच्या ‘डॉट इन’ या नामविभागाची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २००५ सालापासून हा विभाग सर्वांना खुला आहे. २०१४ सालापासून देवनागरीतील ‘डॉट भारत’ या विभागातही नाव घेता येते. देवनागरी नाव पाहून आनंद होतो हे खरे. परंतु काही ठिकाणचे नमुने व पत्रव्यवहाराच्या व्यवस्था ते अजून नीट स्वीकारीत नाहीत. यास्तव प्रथम रोमन लिपीतील नाव घ्यावे व पुढे परवडल्यास देवनागरी नाव त्यास जोडावे, हा क्रम सोयीचा आहे.

नाव निवडताना एक साधी परीक्षा घ्यावी. ते दहा माणसांना दूरध्वनीवरून एकदाच सांगावे व लिहून काढावयास सांगावे. ‘आंबा’ हा शब्द रोमन लिपीत कोणी आरंभी एक ‘ए’ घालून लिहितो, तर कोणी दोन. दहांपैकी आठ जणांनी नाव अचूक लिहिले तर ते पसंत करावे. नाही तर दुसरे शोधावे. नाव आखूड असावे व त्यात आडव्या रेघा व आकडे नसावेत. भौगोलिक मानांकनाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. कोकणातील हापूसला २०१८ साली असे मानांकन मिळाले आहे. ते वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यास असतो. म्हणून त्याचे चिन्ह संकेतस्थळावर लावण्यापूर्वी आपली नोंदणी करून घ्यावी.

खर्चाचा अंदाज

संकेतस्थळ उभारण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत विनामूल्य जागेची. १९९९ साली निघालेली व २००३ साली गूगलने घेतलेली ब्लॉगर ही सेवा जागेचे भाडे घेत नाही. तिच्यावर आपले स्वतःचे नावही वेगळा आकार न देता जोडता येते. येथे खर्च केवळ नावाचा. तो सामान्यतः वर्षास रु. ५०० ते १,००० या दरम्यान, अधिक वस्तू व सेवा कर, असा पडतो.

दुसरी रीत साध्या, स्थिर पृष्ठांची. तयार केलेली पृष्ठे गिटहब पेजेससारख्या सेवेवर विनामूल्य ठेवता येतात. ही पृष्ठे फार हलकी व जलद असतात, परंतु ती तयार करण्यास थोडे तंत्र शिकावे लागते. शिवाय ही सेवा विक्रीच्या व्यवसायासाठी दिलेली नाही. पर्जन्याच्या नोंदी, पिकांची टिपणे, गावाची माहिती अशा कामी ती उत्तम. दुकानासाठी तिचा विचार करू नये. घरात किंवा गावात संगणकशास्त्र शिकणारा मुलगा अथवा मुलगी असेल तरच ही रीत स्वीकारावी.

तिसरी रीत भाड्याच्या जागेची. तेथे बहुधा वर्डप्रेस ही कार्यप्रणाली वापरतात. ती २००३ सालापासून सर्वांना मुक्तपणे व विनामूल्य उपलब्ध आहे. जागेचे भाडे मात्र दर वर्षी भरावे लागते. या ठिकाणी एक फसगत नेहमी घडते. जाहिरातीतील भाडे पहिल्या मुदतीपुरते असते. नूतनीकरणाच्या वेळी ते दुप्पट किंवा त्याहूनही अधिक झालेले आढळते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी ‘पुढील वर्षी किती?’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवावे. शिवाय कार्यप्रणालीची वेळोवेळी डागडुजी न केल्यास परके लोक आत शिरून मजकुराची नासधूस करतात. निगा राखण्यास माणूस नसेल तर ही रीत पहिल्या वर्षी टाळणेच इष्ट होय.

सारांश, आरंभ पहिल्या रीतीने करावा व स्वतःचे नाव मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावे. एकूण खर्च हापूसच्या मोसमाच्या आरंभी एका पेटीस जो भाव येतो त्याहून अधिक होत नाही. वीस-तीस हजारांची अंदाजपत्रके घेऊन कोणी दाराशी आल्यास हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

नाव कोणाच्या नावावर?

येथे एक उदाहरण कल्पून पाहू. एका बागाईतदाराने तालुक्याच्या गावातील एका तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. तरुण होतकरू व प्रामाणिक होता. सोयीसाठी त्याने नावाची नोंद स्वतःच्या ई-पत्त्यावर केली. बागाईतदाराने ते नाव हजार पेट्यांवर छापून घेतले. दोन वर्षांनी तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला, त्याचा जुना ई-पत्ता बंद पडला आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणी वाचल्याच नाहीत. मुदत संपल्यावर सवलतीचे थोडे दिवस मिळतात. त्यानंतर जादा आकार भरावा लागतो. तेही न केल्यास नाव कोणासही घेता येते. ते तिसऱ्याच माणसाने घेतले. आता पेटीवरील पत्ता पाहून जो ग्राहक येतो तो परक्याच्या दुकानात शिरतो. कोणी चोरी केली नाही, कोणी फसविले नाही. केवळ एका रकान्यात आपले नाव नव्हते, एवढ्यानेच ही हानी झाली.

यावर उपाय सोपा आहे. नोंदणी करताना शेतकऱ्याने स्वतःचे नाव, स्वतःचा ई-पत्ता व स्वतःचा भ्रमणध्वनी द्यावा. काम दुसऱ्याने केले तरी खात्याचा परवलीचा शब्द आपल्या हाती घ्यावा व बदलावा. नूतनीकरणाची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहावी. शक्य असल्यास पहिल्याच वेळी दोन-तीन वर्षांचे पैसे भरावेत. घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीस, मुलीस, सुनेस किंवा भावास, ही सर्व माहिती ठाऊक असावी.

काय लिहावे?

पुष्कळांची अशी समजूत असते की, संकेतस्थळावर मोठमोठी विशेषणे लिहावी लागतात. वस्तुतः ग्राहकास विशेषणे नकोत, माहिती हवी. ‘आमचा आंबा सर्वोत्कृष्ट’ या वाक्याने कोणाचीच खात्री पटत नाही. त्याऐवजी ‘आमच्या बागेत हापूसची एकशेवीस कलमे आहेत, फळ चौदा आणे तयार झाल्यावर झेल्याने उतरवितो, देठ राखतो आणि आढी भाताच्या पेंढ्यात घालतो’ असे लिहिले तर वाचणाऱ्यास बाग डोळ्यांपुढे दिसते. अर्थात जे आपण करतो तेवढेच लिहावे.

आरंभी पाच पृष्ठे पुरेशी आहेत. पहिल्या पृष्ठावर आपण कोण, कोठले व काय पिकवितो हे असावे. दुसऱ्यावर बागेची व कामाच्या पद्धतीची माहिती द्यावी. तिसऱ्यावर दर, पेटीतील फळांची संख्या, पोचविण्याची व्यवस्था आणि फळ खराब निघाल्यास आपण काय करू, हे स्पष्ट लिहावे. कापल्यावर साका निघाला तर भरपाई मिळेल की नाही, हे आधी सांगितलेले असले की पुढील वाद टळतात. चौथ्या पृष्ठावर ग्राहक वारंवार विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत : पेटी आल्यावर कशी उघडावी, कच्ची फळे शीतकपाटात का ठेवू नयेत, पिकलेले फळ कसे ओळखावे. पाचवे पृष्ठ नोंदींचे. मोहोर कधी आला, अवेळी पाऊस झाला काय, पहिली तोडणी केव्हा, पेट्या केव्हा संपल्या, हे तारखेसह चार-चार ओळींत लिहीत जावे.

हे पाचवे पृष्ठ दिसावयास किरकोळ, परंतु कालांतराने तेच सर्वांत मोलाचे ठरते. पाच वर्षांच्या अशा नोंदी एकत्र झाल्या की ग्राहकास शेतकऱ्याच्या सचोटीची खूण पटते व शेतकऱ्यास स्वतःच्या बागेचा इतिहास हाती येतो. ज्या वर्षी पीक कमी आले त्या वर्षी तेही लिहावे. न लपविलेले अपयश ग्राहकाचा विश्वास दृढ करते.

लिहिताना युनिकोड पद्धतीचीच अक्षरे वापरावीत. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या अक्षरसंचांत टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो व शोधयंत्रांना तो सापडत नाही. भ्रमणध्वनीवरील मराठी कळफलकाने किंवा संगणकावरील इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिलेला मजकूर युनिकोडमध्येच असतो. ज्यांना टंकलेखनाचा सराव नाही त्यांनी भ्रमणध्वनीस बोलून मजकूर उतरवावा व मागाहून शुद्धलेखन तपासावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेली मुक्ता व बालू ही देवनागरी अक्षरे विनामूल्य वापरता येतात.

छायाचित्रांविषयी दक्षता

संकेतस्थळे मंद होण्याचे मुख्य कारण जड छायाचित्रे हे असते. भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र चार मेगाबाइटचे असू शकते. अशी दहा छायाचित्रे एका पृष्ठावर ठेवली तर चाळीस मेगाबाइट होतात. सेकंदास दोन मेगाबिट वेगाने ती उतरण्यास सुमारे १६० सेकंद लागतील. तितका वेळ कोणीही थांबत नाही. तीच छायाचित्रे प्रत्येकी दीडशे किलोबाइटपर्यंत लहान केली तर सहा सेकंदांत काम होते, आणि डोळ्यांना फरकही जाणवत नाही. लहान करण्याची साधने भ्रमणध्वनीवर विनामूल्य मिळतात. छायाचित्र सकाळच्या उन्हात काढावे, फळाशेजारी हात किंवा पट्टी ठेवून आकाराची कल्पना द्यावी व खाली एक ओळीचे वर्णन लिहावे. अंध वाचकांची यंत्रे असे वर्णन वाचून दाखवितात. दुसऱ्याच्या बागेचे वा इतरत्र सापडलेले छायाचित्र कधीही लावू नये.

सुरक्षितता व कायदा

पृष्ठांची वाहतूक कुलूपबंद असावी यासाठी प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ सालापासून ते विनामूल्य देत आहे व चांगल्या सेवांत ते आपोआप जोडले जाते. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितल्यास आधी चौकशी करावी. खात्यास दुपदरी पडताळणी लावावी. परवलीचा शब्द किंवा भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा आकडा कोणासही सांगू नये. आधार क्रमांक, बँकेच्या पुस्तकाचे छायाचित्र, सही असलेली कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवू नयेत.

पैसे घेण्यासाठी यूपीआयची चौकट लावण्यास हरकत नाही. मात्र घरातील सर्वांनी एक गोष्ट पाठ करावी : पैसे मिळविण्यासाठी आपला गुप्त आकडा कधीही टाकावा लागत नाही. ‘रक्कम पाठवितो, आकडा टाका’ असे सांगणारा ग्राहक नव्हे, ठक समजावा.

आमरस, आंबापोळी असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकावयाचे असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी करून तिचा क्रमांक पृष्ठावर द्यावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास बंदी आहे. आपण ते वापरीत नसल्यास तसे लिहावे. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र प्रमाणपत्र हाती आल्यानंतरच लिहावा. ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक ही आपल्याजवळील ठेव आहे. ती कोणास विकू नये वा उघड करू नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे.

चार आठवड्यांचे काम

पहिल्या आठवड्यात कागदावर पाच पृष्ठांचा मजकूर लिहावा. संगणकास हात लावू नये. दुसऱ्या आठवड्यात नाव निवडून वरील परीक्षा घ्यावी व ते स्वतःच्या नावे नोंदावे. तिसऱ्या आठवड्यात जागा घेऊन मजकूर व छायाचित्रे चढवावीत. चौथ्या आठवड्यात ओळखीच्या पाच जणांना पृष्ठे आपापल्या भ्रमणध्वनीवर उघडावयास सांगावे व त्यांना जेथे अडले तेथे दुरुस्ती करावी. त्यानंतर पेटीवर, पावतीवर व संदेशाखाली पत्ता छापावा. गुढीपाडव्यास व दसऱ्यास, असे वर्षातून दोनदा, सर्व मजकुराची प्रत उतरवून घरच्या संगणकावर वा स्मृतिपट्टीवर ठेवावी. बियाणे राखून ठेवण्यासारखेच हे काम आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकदम सर्व गावास या कामी लावण्याचा आग्रह धरू नये. प्रथम एका उत्साही शेतकऱ्याचे किंवा महिला बचत गटाचे संकेतस्थळ पूर्ण करून दाखवावे. ते पाहून इतर आपोआप विचारावयास येतील. लहान शेतकऱ्यांनी गटाचे एकच संकेतस्थळ केल्यास खर्च वाटला जातो. मात्र नाव गटाच्या ई-पत्त्यावर असावे, कोणा एका पदाधिकाऱ्याच्या नव्हे. कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्यावर कोणाचेही नाव नोंदू नये. बदली झाल्यावर त्याचा त्रास गावास होतो.

अपेक्षा माफक ठेवावी

संकेतस्थळ उघडले म्हणजे दुसऱ्या दिवशी मागण्यांची रीघ लागेल, असे कोणी समजू नये. पहिल्या मोसमात येणारे बहुतेक वाचक ओळखीचेच असतील. भेटींची संख्या मोजत बसण्यापेक्षा मागणी करणाऱ्या प्रत्येकास ‘आपणास आमचे नाव कोठे कळले?’ असे विचारून वहीत खूण करावी. मोसमाच्या अखेरीस त्या खुणा मोजल्या की संकेतस्थळाचे मोल रुपयांत कळेल. कलम लावल्यावर पहिल्याच वर्षी कोणी फळाची वाट पाहत नाही; तो संयम येथेही हवा.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत या जाळ्याची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने तिच्यावरील आपला हक्क सोडून ती सर्व जगास विनामूल्य वापरू दिली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना तिचा उपयोग करता येऊ लागला. त्या एका निर्णयामुळे आज मोठ्या कंपनीचे पृष्ठ व चार एकरांच्या बागाईतदाराचे पृष्ठ ग्राहकाच्या पडद्यावर सारख्याच आकाराचे उमटते. या समान जागेचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे. मोहोर येण्याआधी, पावसाळ्याच्या अखेरच्या निवांत दिवसांत, एक वही घेऊन पहिल्या पृष्ठाच्या चार ओळी लिहावयास बसावे, आणि नाव नोंदताना ते आपल्याच नावावर आहे याची खात्री करूनच उठावे.